लोडिकेटर म्हणतो ६८, डेकवरचा गेज म्हणतो ९१ : खरं कुणाचं?

बारा_ते_चार (धागाकर्ता) | सोमवार, २१:१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी एका सुएझमॅक्स (भरलेला सुएझ कालव्यातून जाऊ शकेल एवढा मोठा) टँकरवर सेकंड मेट, म्हणजे चीफ मेटच्या खालचा अधिकारी आहे. जहाज २७४ मीटर लांब, क्रूडने पूर्ण भरलेलं. ब्रिजवर हल स्ट्रेस मॉनिटरिंगचा स्क्रीन आहे. डेकवर चार ठिकाणी स्ट्रेन गेज (पोलादाचा ताण मोजणारे) आणि नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) एक अ‍ॅक्सेलरोमीटर. आकडा परवानगीच्या ८० टक्क्यांवर गेला की बझर वाजतो.

परवा माझ्या वॉचवर (पाळीत) रात्री दोन वीसला तो वाजला. मिडशिप (मधोमध) स्टारबोर्ड (उजवीकडे) ९१. समोरून लांब स्वेल (दुरून येणारी लाट) येत होती, वारा मात्र फारसा नव्हता. मी कॅप्टनना फोन लावला. ते अनवाणीच वर आले, दोन मिनिटं एक शब्द न बोलता स्क्रीनकडे बघत राहिले, आणि मग १३ नॉटवरून ९ वर आणून कोर्स २० अंश वळवला. बझर बंद झाला.

सकाळी चीफ मेटनी लोडिकेटरचा (मालाच्या वजनावरून हिशेब करणाऱ्या संगणकाचा) कागद टेबलावर आपटला. बेंडिंग मोमेंट (जहाजाला वाकवणारा जोर) ६८ टक्के. "गेजचं डोकं फिरलंय, तुम्ही जहाजाला ब्रेक लावताय," असं म्हणाले. कॅप्टन गप्प. वरून ऑफिसचा मेल : वेग का कमी केला, किती तास, सविस्तर कारण द्या. ते कारण लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलंय.

तर दोन आकड्यांतला खरा कुठला? आणि हा स्क्रीन खरोखर कुणी वापरतं का, की तो नुसता भिंतीवरचा देवघरातला फोटो आहे?

खुंटाळा | सोमवार, २१:३१

आमच्या मागच्या जहाजावर त्या स्क्रीनवर ड्युटी रोस्टर चिकटवलेलं होतं. त्यामुळे रोज बघायचो तरी.

पोलादी | सोमवार, २२:०५

धागा छान. आधी एक घोळ निस्तरू : हे दोन टक्के एकाच गोष्टीचे नाहीतच.

लोडिकेटर काही मोजत नाही, तो हिशेबनीस आहे. कुठल्या टाकीत किती टन आहेत हे तुम्ही त्याला सांगता, तो वजन आणि उत्प्लावनाची (पाणी वर ढकलतं त्या जोराची) वजाबाकी करून शांत पाण्यातला बेंडिंग मोमेंट काढतो. ६८ टक्के म्हणजे शांत पाण्यासाठी दिलेल्या मर्यादेच्या ६८. लाटांसाठीचा वाटा नियमांनी आधीच बाजूला काढून ठेवलेला असतो आणि लोडिकेटर त्याला हात लावत नाही. त्याच्या दृष्टीने समुद्र कायम बशीतल्या पाण्यासारखा.

डेकवरचा गेज पोलाद प्रत्यक्ष किती ताणलं किंवा दाबलं गेलं ते दाखवतो. त्याचे ९१ टक्के म्हणजे माल अधिक लाट अशा बेरजेचे, आणि ज्या मर्यादेचे ते टक्के तीही त्या दोन्हींची मिळून. एकाचे ६८ आणि दुसऱ्याचे ९१ शेजारी ठेवून भांडणं म्हणजे एकाने उंची सांगायची आणि दुसऱ्याने वजन.

तेव्हा चीफ मेटचा कागद बरोबर असला तरी त्यातून गेज चुकीचा ठरत नाही. तुमच्या सिस्टिममध्ये स्थिर भाग आणि लाटेचा भाग वेगळे दिसतात का? चारही गेजचे त्या रात्रीचे आकडे द्या, मग बोलू.

शून्य_अंश | सोमवार, २२:११

+१. वाचनखूण साठवली.

हौशी_वाचक | सोमवार, २२:४८

माझा आणि समुद्राचा संबंध फक्त किनाऱ्यावरून बघण्याचा. एक बाळबोध शंका : इतकं जाड लोखंड वाकतं? म्हणजे खरंच, डोळ्यांना दिसेल असं?

जुना_सारंग | सोमवार, २३:२०

वाकतं म्हणजे काय, वाकलं नाही तर मोडेल.

कधी संधी मिळाली तर टँकरच्या मागच्या ब्रिजवर रात्री उभे राहा. डेकवरचे दिवे नाळेपर्यंत एका ओळीत गेलेले दिसतात. मोठ्या स्वेलमध्ये ती ओळ सरळ राहत नाही. मधले दिवे खाली जातात, मग वर येतात, सावकाश, छाती श्वास घेते तशी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळे चोळले होते. डेकवरच्या पाइपलाइनीत जागोजागी वळसे दिलेले असतात ना, ते हौसेने नाही दिलेले. पाइप सरळ रेषेत टाकला तर जहाजाच्या वाकण्याने आणि उन्हाच्या फुगण्याने फाटून जाईल.

लाटेचा माथा जहाजाच्या मधोमध आला की मध्य वर आणि टोकं खाली, ते हॉगिंग. दोन माथे दोन टोकांना आले की मध्य लोंबतो, ते सॅगिंग. भरलेला टँकर सहसा आधीच थोडा सॅगमध्ये असतो, रिकामा बॅलास्टवरचा (तोल राखायला टाक्यांत समुद्राचं पाणी घेतलेला) हॉगमध्ये. सॅगमध्ये डेक चेपला जातो आणि तळ ताणला जातो, हॉगमध्ये उलट.

उत्तररात्र | मंगळवार, ०६:०२

सारंगांनी जुने दिवस डोळ्यांपुढे आणले.

मी निवृत्त मास्टर, म्हणजे कॅप्टन. आमच्या वेळी हे गेज नव्हते. जहाज किती वाकलंय हे आम्ही ड्राफ्टवरून (जहाज पाण्यात किती खोल बसलंय त्यावरून) काढायचो आणि ते आजही फुकट आहे. उदाहरणार्थ पुढचा ड्राफ्ट १६.८०, मागचा १७.००. सरासरी १६.९०. आता मिडशिपला दोन्ही बाजूंचे वाचून सरासरी काढा. ती १७.०० आली तर मध्य दहा सेंटिमीटर खाली लोंबतोय. लोडिकेटरही वाकण्याचा अंदाज देतो. तो चार म्हणतो आणि पाण्यावर दहा दिसतात, तर कुठल्यातरी टाकीत तुम्ही सांगितलेल्यापेक्षा वेगळं काहीतरी आहे. पंप न झालेलं बॅलास्ट, साचलेला गाळ, चुकीचं साउंडिंग (टाकीतल्या पातळीचं मोजमाप).

पण खरं सांगू? चांगल्या मास्टरला जहाजाचा त्रास पायातून कळतो. स्क्रीनवर नजर लावून बसणाऱ्यांना खिडकीबाहेर बघायची सवय राहत नाही.

पोलादी | मंगळवार, ०९:४०

> चांगल्या मास्टरला जहाजाचा त्रास पायातून कळतो

कॅप्टनसाहेब, ड्राफ्टच्या मुद्द्यावर दंडवत. पायांच्या बाबतीत आदरपूर्वक असहमत.

पायाला स्लॅमिंग कळतं : नाळ आपटली, सगळं थरथरलं, चहा सांडला. पण भरलेला टँकर खोल बसलेला असतो, तो फारसा आपटत नाही. त्याला खरा पेच टाकते ती लांब, गुळगुळीत स्वेल, जिची लांबी जहाजाच्या लांबीच्या आसपास असते. २७४ मीटरची लाट खोल पाण्यात साधारण १३ सेकंदांच्या आवर्तनकाळाची. तेरा सेकंदांचं हेलकावणं पायाला पाळण्यासारखं सुखाचं वाटतं. धागाकर्त्याने काय लिहिलंय बघा : लांब स्वेल होती, वारा मात्र फारसा नव्हता. अगदी तेच. शिवाय ब्रिज मागे, वाकण्याचा जोर मधे शंभरेक मीटर पुढे, आणि रात्रीचे दोन वाजलेले.

उत्तररात्र | मंगळवार, १०:१५

तेरा सेकंदांचा मुद्दा मान्य. पाय मागे घेतो.

खुंटाळा | मंगळवार, १०:१७

आंतरजालावर कुणीतरी मुद्दा मान्य केला. तारीख नोंदवून ठेवा.

काळवीट | मंगळवार, ११:५३

मला या सगळ्या सेन्सर प्रकरणाचा मूळ रोख कळत नाही. जहाजं मोडतात ती म्हातारी झाल्यामुळे. टँकरच बघा : एरिका १९७५ची, डिसेंबर १९९९मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यापुढे दोन तुकडे. प्रेस्टिज १९७६ची, नोव्हेंबर २००२मध्ये स्पेनमधल्या गॅलिसियापुढे दोन तुकडे. नाखोदका १९७०ची, जानेवारी १९९७मध्ये जपानच्या समुद्रात तेच. पत्रा गंजून पातळ झाला की गेज काय करणार? तो फक्त आणखी नेमकेपणाने सांगेल की तुम्ही मरताय.

शून्य_अंश | मंगळवार, १२:३०

एमओएल कम्फर्ट हे कंटेनर जहाज २००८चं होतं. जून २०१३मध्ये हिंदी महासागरात मधोमध मोडलं तेव्हा त्याचं वय पाच. म्हातारपण हे एकच कारण नाही.

पोलादी | मंगळवार, १३:१०

आणि समुद्रात जायचीही गरज नाही! शेनेक्टेडी नावाचा टी-२ नमुन्याचा टँकर १६ जानेवारी १९४३ला ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला धक्क्याला बांधलेला असताना मोडला. सागरी चाचण्या नुकत्याच आटोपलेल्या, पाणी शांत, थंडी. आवाज मैलभर ऐकू गेला म्हणतात. डेकमधला ताण नंतर काढला तर तो अवघा ६८ मेगापास्कलच्या घरात होता. साध्या जहाजी पोलादाला कायमचा पोक यायला २३५ लागतात. म्हणजे ताण मर्यादेत होता, पण पोलाद थंडीत ठिसूळ आणि वेल्डिंगमध्ये दोष. गेज लावला असता तर त्याने हिरवा दिवा दाखवला असता, शेवटच्या सेकंदापर्यंत. काळवीट यांच्या बाजूने हा सगळ्यात चांगला पुरावा आहे, त्यांनीच द्यायला हवा होता.

उलट उदाहरणही आहे. १९८०मध्ये एनर्जी कॉन्सन्ट्रेशन हा व्हीएलसीसी (अतिप्रचंड तेलवाहू टँकर) रॉटरडॅमच्या युरोपोर्टला माल उतरवताना मोडला. टाक्या रिकाम्या करण्याचा क्रम असा झाला की टोकं जड आणि मध्य हलका. हॉगिंग वाढत गेलं आणि तळाचा पत्रा चुरगळला. तिथे कुणी डेकवरचा ताण वाढताना पाहत असता तर पंप थांबवायला वेळ होता. वादळ नाही, लाट नाही. नुसता व्हॉल्व्हचा क्रम.

काळवीट | मंगळवार, १३:४४

प्रेस्टिजचं काय मग? तिथे गेजने काय दिवे लावले असते?

उत्तररात्र | मंगळवार, १६:२०

प्रेस्टिजवर मी बोलतो, कारण त्या कॅप्टनच्या जागी स्वतःला ठेवून पुष्कळ रात्री काढल्यात.

१३ नोव्हेंबरला वादळात स्टारबोर्ड बाजूच्या टाक्या फुटल्या, जहाज पंचवीसेक अंश कललं. ७७,००० टन जड इंधन तेल पोटात. कललेल्या जहाजावर इंजिनाचं वंगण नीट पोचत नाही, टोइंगची दोरी घ्यायला माणसं डेकवर उभी राहू शकत नाहीत. म्हणून त्याने पोर्ट (डाव्या) बाजूच्या रिकाम्या बॅलास्ट टाक्यांत पाणी घेऊन जहाज सरळ केलं. मिडशिपला दोन्हीकडे पाणी. बेंडिंग मोमेंट परवानगीबाहेर गेला. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. एकीकडे उलटण्याची भीती, दुसरीकडे मोडण्याची. पुढे सहा दिवस त्याला आसरा द्यायला कुणी तयार झालं नाही, किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रात ओढत नेलं, आणि १९ तारखेला दोन तुकडे.

गेज असता तर त्याला नेमका आकडा मिळाला असता. आसऱ्याचं बंदर मिळालं नसतं.

हौशी_वाचक | मंगळवार, १६:५८

हे वाचून काही सुचेना थोडा वेळ.

शंकेखोर | मंगळवार, १९:०५

मला वेगळीच शंका. चार गेज, २७४ मीटर जहाज. चीर काय गेजच्या खाली येऊन पडणार आहे? ऐंशीच्या दशकात बांधलेल्या काही व्हीएलसीसींमध्ये उच्च-ताण पोलाद वापरून पत्रे पातळ केले, आणि चार-पाच वर्षांतच साइड शेलच्या (बाजूच्या पत्र्याच्या) लॉन्जिट्यूडिनलना (लांबीच्या दिशेच्या आधारपट्ट्यांना) वेब फ्रेमच्या (आडव्या सांगाड्याच्या) जोडापाशी चिरा. त्या कशाने? पाण्याच्या रेषेजवळ लाट बाजूने दाब देते-सोडते, त्याने. डेकवरच्या गेजला त्याचा पत्ताही नसतो. मग जहाजाच्या दाखल्यावर या यंत्राचं नोटेशन (खास शेरा) मिरवायचं कशाला?

पोलादी | मंगळवार, २०:३०

शंका रास्त. डेकवरचा गेज संपूर्ण जहाजाला एक तुळई समजून तिचं वाकणं मोजतो. स्थानिक चिरा शोधायला टाकीत उतरून टॉर्च, हातोडी आणि जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र, याला पर्याय नाही.

पण फॅटिगच्या (पुन्हापुन्हा ताण येऊन पोलाद थकण्याच्या) हिशेबात गेजचा वेगळा फायदा आहे. वेल्ड केलेल्या जोडाचं नुकसान ढोबळमानाने ताणाच्या पल्ल्याच्या घनाने वाढतं. पल्ला दुप्पट, नुकसान आठपट. गेज प्रत्येक लाटेचा पल्ला मोजून ठेवतो, त्यामुळे जहाजाने आयुष्य किती खर्चलं याची खातेवही तयार होते. आताचे टँकरचे नियम २५ वर्षं उत्तर अटलांटिकमध्ये फिरणार असं धरून आहेत. शांत मार्गावरचं जहाज त्यापेक्षा कमी खर्चतं. उलट अलास्काचं तेल वाहणाऱ्या टँकरांना चिरा किती जास्त पडतात हे अमेरिकन कोस्ट गार्डने १९९०च्या सुमारास तपासलं, तेव्हा अलास्काच्या आखाताचा खडतर समुद्र हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

अवांतर : आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) १९९४मध्ये २०,००० टनांवरच्या बल्क कॅरियरना (सुटा माल वाहणाऱ्या जहाजांना) हे यंत्र बसवावं अशी शिफारस केली. शिफारसच, सक्ती नाही. टँकरवाले आपल्या मर्जीने बसवतात.

विजेरी | मंगळवार, २२:४७

मी ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल अधिकारी). म्हणजे हे डबे उघडून बघणारा. सगळे मोठमोठ्या अपघातांवर बोलतायत, माझा प्रश्न बारका आहे : धागाकर्ते, तुमचा गेज कुठल्या जातीचा आहे?

माझ्या अनुभवातला बहुतेक ठिकाणचा प्रकार म्हणजे लांब रॉडचा. दोन मीटरचा रॉड, एक टोक डेकला घट्ट, दुसरं टोक मार्गदर्शक कड्यांमधून मोकळं सरकणारं, आणि त्या टोकाशी सरकणं मोजणारा सेन्सर. वर लोखंडी झाकण. आता गंमत बघा. दोन मीटरवर एक मिलिमीटर सरकलं तर ते ५०० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दशलक्षांशात मोजलेला बदल), म्हणजे पोलादात सुमारे १०३ मेगापास्कल. एवढ्या मोठ्या जहाजाचं सगळं दुखणं एका मिलिमीटरच्या आत मावतं! तिथे कण अडकला तरी आकडा बदलतो.

दुसरं, तापमान. दोन मीटर पोलाद दहा अंशांनी तापलं की पाव मिलिमीटरच्या आसपास वाढतं. रॉड आणि डेक सारखेच तापले तर ते आपोआप वजा होतं. पण डेक उन्हात तापतो आणि तळ गार पाण्यात असतो, तेव्हा डेकला फुगायचं असतं आणि खालचं जहाज त्याला फुगू देत नाही. तो दाब खराच असतो, लोडिकेटरला मात्र त्याची खबर नसते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : शून्य. गेजला निरपेक्ष ताण माहीतच नसतो. तो फक्त बदल सांगतो. कधीतरी कुणीतरी शांत पाण्यात लोडिकेटरचा आकडा बघून त्याला सांगितलेलं असतं की आत्ता तू इतका आहेस. ते भर दुपारी, तापलेल्या डेकवर, अर्धवट चाललेल्या लोडिंगमध्ये सांगितलं असेल तर पुढचे सगळे आकडे त्या चुकीवर उभे. शून्य लावायचं ते पहाटे, ऊन पडण्याआधी, पंप बंद असताना.

फायबर ऑप्टिकवाला असेल तर कथा वेगळी. त्यात काचेच्या तंतूवरच्या जाळीतून परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रोस्ट्रेनला साधारण १.२ पिकोमीटर सरकते. डेकवर वीज न्यायची गरज नाही, टँकरसाठी ही मोठी सोय. पण एका अंश तापमानाला तोच प्रकाश दहाएक पिकोमीटर सरकतो, तेव्हा शेजारी तापमानाचा वेगळा तंतू हवाच.

खुंटाळा | मंगळवार, २२:५५

विजेरी यांनी बारका प्रश्न विचारला आणि पुस्तक लिहिलं. हलके घ्या. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बारा_ते_चार (धागाकर्ता) | बुधवार, १७:२२

उशिराबद्दल क्षमस्व, नेट आजच धड मिळालं. सगळ्यांचे आभार. गेज लांब रॉडचाच आहे.

स्थिर आणि लाटेचा भाग वेगळे दिसतात, हे मला माहीतच नव्हतं, दुसऱ्या पानावर आहेत. रात्री दोन वीसचे मिडशिपचे आकडे :

स्टारबोर्ड : स्थिर ५२, लाट ३९, एकूण ९१.
पोर्ट : स्थिर ३८, लाट ४१, एकूण ७९.

पुढच्या आणि मागच्या गेजमध्ये वावगं काही नाही. वेग आणि कोर्स बदलल्यावर अर्ध्या तासात पोर्टचा लाटेचा भाग ४१ वरून २६ वर आला, स्टारबोर्डचा २४ वर. स्थिर भाग दोन्हींचा जागचा हलला नाही.

पोलादी | बुधवार, १७:५०

वा! सगळं यातच आहे.

लाटेचा भाग दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा, म्हणजे लाट खरी होती. कॅप्टनच्या निर्णयाने तो ४१ वरून २६ वर आला. २६ भागिले ४१, त्याचा घन करा : पाव. प्रत्येक लाटेमागचं फॅटिगचं नुकसान चौथाईवर आणलं त्यांनी, अनवाणी. ऑफिसच्या मेलला हे लिहा.

स्थिर भागात मात्र १४चा फरक. जहाज सरळ असेल, एका बाजूला कललेलं नसेल, तर एकाच ठिकाणी दोन बाजूंना इतका फरक मालामुळे येत नाही.

विजेरी | बुधवार, १८:१५

रात्री दोनला ऊनही नाही, म्हणजे तापमानही नाही. स्टारबोर्डचा गेज खोटं बोलतोय, पण फक्त स्थिर भागात.

एक करा. शांत समुद्रातला दोन्ही गेजचा आलेख मोठा करून बघा. पोर्टची रेष लाटेसारखी गोल दिसेल. स्टारबोर्डची पायऱ्या-पायऱ्यांची दिसते का? थोडा वेळ सपाट, मग एकदम उडी?

बारा_ते_चार (धागाकर्ता) | बुधवार, १९:०३

हो!! अगदी जिन्यासारखी. तुम्हाला कसं कळलं?

विजेरी | बुधवार, १९:०९

रॉड अडकतोय. छोटी लाट त्याला हलवू शकत नाही, मोठी ढकलते. मोठ्या लाटेत आकडा जवळपास बरोबर येतो म्हणून कुणाला संशय येत नाही. ३९ आणि ४१ मधला फरकही त्यातलाच. तुमचे १४ टक्के म्हणजे रॉडच्या टोकाला पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर असेल. अलीकडे डेकवर त्या बाजूला काही काम झालं?

जुना_सारंग | बुधवार, १९:४०

मी पैज लावतो : चिपिंग (गंज ठोकून काढणं) आणि पेंटिंग.

बारा_ते_चार (धागाकर्ता) | गुरुवार, १४:३६

सारंग, पैज जिंकलात.

आज समुद्र निवळला, परवानगी काढून ईटीओ आणि मी डेकवर गेलो. पोर्टचं झाकण उघडलं : रॉड चकचकीत, कड्यांवर ग्रीसचा पातळ थर. स्टारबोर्डचं उघडलं आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. आत सगळं हिरवं. झाकण, बोल्ट, कडी, रॉड, सगळं डेकच्या रंगात, दोन हात मारलेले, कोपरेसुद्धा सुटलेले नाहीत. ज्याने केलं त्याने मन लावून केलं होतं. मागच्या महिन्यात झाकणाखाली गंज दिसला म्हणून उघडून घासलं आणि आता उघडलंच आहे तर म्हणून आतूनही रंगवून टाकलं.

पितळी खरवडणीने कड्यांभोवतीचा रंग हळूहळू काढला. तिसऱ्या कड्याला रॉडने बारीक टक् केलं, बोटाखाली जाणवेल इतकंच. ब्रिजवरून रेडिओ आला, स्थिर भाग ५२ वरून ४० वर पडला म्हणून.

खुंटाळा | गुरुवार, १४:४१

जहाजाचा ताण दोन हात रंगाने वाढवणारा पहिला माणूस. त्याला नोटेशन द्या.

काळवीट | गुरुवार, १५:२०

म्हणजे शेवटी चीफ मेटच बरोबर! रंग नसता तर ७९ दिसले असते, बझर वाजलाच नसता, आणि वेगही कमी झाला नसता.

पोलादी | गुरुवार, १५:४८

बझर ८० ला. ७९ ला तो गप्प राहतो म्हणून ७९ ला सगळं आलबेल असतं का? स्वेल वाढत होती की उतरत होती, हे आपल्याला माहीत नाही. वाढती असेल तर बझर पाच-दहा मिनिटं उशिरा वाजला असता, इतकाच फरक.

उत्तररात्र | गुरुवार, १६:३०

चीफ मेट चुकीच्या कारणाने बरोबर, कॅप्टन चुकीच्या आकड्यावर बरोबर. माझ्या नोकरीत असे दिवस पुष्कळ गेले. त्या दोघांत आता अबोला नको, एवढं बघा.

शंकेखोर | गुरुवार, १८:१२

आणि हे तुम्हाला कळलं कारण जोडीला पोर्टचा गेज होता. एकच असता तर? माझी शंका शिल्लकच आहे.

हौशी_वाचक | गुरुवार, २१:०५

ऑफिसला काय कळवलं शेवटी? माझा जीव त्या मेलमध्ये अडकलाय.

बारा_ते_चार (धागाकर्ता) | रविवार, ०७:४८

जे होतं ते कळवलं. स्टारबोर्डचा स्थिर आकडा रंगामुळे चुकीचा होता, पोर्टचा लाटेचा भाग ४१ होता, वेग उतरवल्यावर २६ झाला, दोन्ही आलेख जोडले. मसुदा कॅप्टननी वाचला आणि "अनवाणी" हा शब्द खोडला. पोलादींचं वाक्य उचललं होतं, निघायचं राहिलं. उत्तर अजून नाही.

काल रात्री नांगर टाकला. आज पहाटे पाचला, उजाडायच्या आत, चीफ मेट स्वतः टॉर्च घेऊन बोटीत बसले आणि सहाही ड्राफ्ट वाचले. पाणी आरशासारखं होतं. मध्य आठ सेंटिमीटर खाली, लोडिकेटर सात म्हणत होता. मग ईटीओने चारही गेजचं शून्य पुन्हा लावलं. मिडशिपला आता पोर्ट ३८, स्टारबोर्ड ३८. आमच्या जहाजावरच्या सारंगने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) दोन्ही झाकणांवर लाल अक्षरांत लिहून ठेवलंय : उघडू नये, रंगवू नये.

ते लिहायला त्याने रंगच वापरला, पण बाहेरून.